खोलीत सुरेल, व्हिडिओत बेसूर: महाविद्यालयीन वाद्यवृंद शिष्यवृत्तीच्या ऑडिशनचे रेकॉर्डिंग का बिघडते आणि ते कसे सुधारावे

अमेरिकेतील अनेक महाविद्यालये बँड, ऑर्केस्ट्रा, गायनवृंद किंवा जॅझ बँडमध्ये सहभागी होणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, आणि त्यासाठी संगीत हाच मुख्य विषय घेतला पाहिजे अशी अट बहुतेक वेळा नसते. संगणकशास्त्र शिकणारी मुलगी क्लॅरिनेटच्या ओळीतील एक खुर्ची सांभाळते आणि त्या बदल्यात दर वर्षी तिच्या शुल्कातून ठरावीक रक्कम वजा होते. वृंदातील हजेरी आणि गुणांची किमान पातळी राखली तर ती सवलत पुढच्या वर्षीही चालू राहते, अशी साधारण रचना असते. टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथील मराठी घरांतील मुले शाळेच्या बँडमधून या वाटेला लागतात, तर पुणे, मुंबई आणि गोवा येथे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांच्या परीक्षा दिलेली मुले इकडून अर्ज करतात. ज्यांना प्रत्यक्ष जाऊन वाजवणे शक्य नसते त्यांची ऑडिशन व्हिडिओवर होते, आणि तेथे दर हंगामात एकच तक्रार नव्याने ऐकू येते: खोलीत वाजवले तेव्हा उत्तम होते, व्हिडिओत मात्र सगळे सपाट, फाटलेले किंवा विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते.

यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे पुन्हा वाजवणे. वादकाचे ओठ थकतात, बोटे आखडतात, आई-वडिलांचा धीर सुटतो आणि संध्याकाळी हाती येणारा टेक, म्हणजे एका दमात घेतलेले रेकॉर्डिंग, सकाळच्या टेकपेक्षा वाईट असतो. माझे स्पष्ट मत असे आहे की दोष वादकाचा आहे की यंत्राचा, हे ठरल्याशिवाय दुसरा टेक घेऊच नये. हे ठरवणे अवघडही नाही. वादकाची चूक टेकगणिक जागा बदलते; कधी तिसऱ्या ओळीत स्वर निसटतो, कधी शेवटच्या उड्या चुकतात. यंत्राचा दोष मात्र प्रत्येक टेकमध्ये त्याच जागी आणि त्याच पद्धतीने येतो. प्रत्येक वेळी जोरकस जागेनंतरचा हळुवार भाग विचित्र वाटत असेल, तर तेथे रियाज वाढवून काही उपयोग नाही.

आधी एक चाचणी

मूळ रचना वाजवण्यापूर्वी एक छोटे चाचणी-रेकॉर्डिंग करावे. कॅमेरा सुरू करून सुमारे दहा सेकंद पूर्ण शांत राहावे, मग रचनेतील सर्वांत हळुवार ओळ वाजवावी, लगेच सर्वांत जोरकस ओळ वाजवावी, शेवटचा स्वर सोडून द्यावा आणि पुन्हा दहा सेकंद हालचाल न करता थांबावे. हे रेकॉर्डिंग तारेच्या हेडफोनवर ऐकावे. फोनच्या स्पीकरवर ऐकल्यास खालच्या पट्टीतील गुणगुण आणि घुमारा जवळजवळ कळतच नाही; परीक्षक मात्र चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर ऐकत असण्याची शक्यता अधिक.

ऐकताना लक्ष वादनाकडे न देता दोन शांत तुकड्यांकडे द्यावे. सुरुवातीच्या शांततेत पंख्याचा किंवा फ्रिजचा आवाज किती आहे ते पाहावे, आणि शेवटच्या शांततेत तोच आवाज कसा वागतो ते ऐकावे. जोरकस स्वर संपताच खोली एकदम गप्प होते आणि मग दोन-तीन सेकंदांत पंख्याची सरसर खालून हळूहळू वर चढत येते, असे झाले तर पहिला आणि सर्वाधिक आढळणारा दोष सापडला असे समजावे.

मऊ आणि जोरकस सारखेच ऐकू येते

या दोषाचे नाव ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. गेन म्हणजे माइकमधून आलेला आवाज यंत्र किती वाढवून घेते ते प्रमाण, आणि येथे यंत्र ते आपोआप कमी-जास्त करत राहते. फोनचा कॅमेरा, लॅपटॉपचा वेबकॅम आणि व्हिडिओ कॉलची अ‍ॅप ही सारी प्रथम बोलण्यासाठी घडवलेली असतात. माणूस लांबून पुटपुटला तर त्याचा आवाज वाढवावा आणि जवळ येऊन ओरडला तर कमी करावा, हे बोलण्याच्या दृष्टीने सोयीचे आहे. संगीतात मात्र हळुवार आणि जोरकस यांमधील अंतर हीच वादकाची कमाई असते, आणि यंत्र नेमके तेच अंतर मिटवून टाकते. क्रेशेंडो, म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला आवाज, चढत जातो तसा फोन गेन उतरवत नेतो, आणि परीक्षकाला वाटते की या मुलाला आवाजाची पातळी सांभाळताच येत नाही. वाद्यवृंदाच्या निवडीत हा गैरसमज महागात पडतो, कारण संचालकाला एकट्याने चमकणाऱ्या वादकापेक्षा शेजाऱ्याचा आवाज ऐकून स्वतःचा आवाज बेतणारा वादक हवा असतो.

फोनचे मूळ कॅमेरा अ‍ॅप सहसा हा गेन हाताने ठरवू देत नाही. त्यामुळे ज्यात ध्वनीची पातळी स्वतः बांधता येते असे अ‍ॅप घ्यावे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप आयफोनसाठी 2023 मध्ये आणि काही अँड्रॉइड फोनसाठी 2024 मध्ये आले. त्यात पातळी पडद्यावर दिसते आणि बांधताही येते. काही सॅमसंग फोनच्या प्रो व्हिडिओ प्रकारात माइक निवडण्याची सोय असते, तीही तपासून पाहावी. पातळी बांधताना रचनेतील सर्वांत मोठा आवाज वाजवून घ्यावा आणि त्याचे टोक उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवावा. मग हळुवार भाग फारच हळू वाटला तरी गेनला हात लावू नये. ऐकणाऱ्याला स्वतःचा आवाज वाढवून घेता येतो, पण यंत्राने मिटवलेले अंतर त्याला परत आणता येत नाही.

याच कुळातील दुसरा दोष म्हणजे नॉइज सप्रेशन. यात सलग, एकसारखा आवाज हा गोंगाट समजून पुसला जातो. पंखा एकसारखा वाजतो हे खरे, पण बासरीचा खालचा लांब स्वर किंवा चेलोची मोकळी तारही एकसारखीच वाजते. परिणामी स्वर सुरुवातीला नीट येतो, मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा होतो आणि त्याची शेपटी कापली जाते. पियानोवर पेडल धरूनही स्वर लगेच मरतात. आयफोन आणि मॅकवर व्हॉइस आयसोलेशन नावाचा माइकचा प्रकार असतो, तो एखाद्या कॉलसाठी निवडून तसाच राहिलेला असू शकतो. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत ऑडिओ एन्हान्समेंट्स हा पर्याय असतो. हे सारे बंद करावे. झूम किंवा गुगल मीटवर स्वतःशीच बैठक सुरू करून तेथेच ऑडिशन रेकॉर्ड करण्याची पद्धत मी पूर्णपणे टाळण्यास सांगतो. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय आहे, पण त्याचे खरे काम थेट मुलाखतीत किंवा समोर बसून नोटेशन वाचून वाजवण्याच्या चाचणीत आहे. त्या दिवशी तो आठवणीने सुरू करावा.

ब्लूटूथ इअरफोनची गोष्ट याला जोडूनच येते. लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना असा इअरफोन जोडलेला राहिला तर संगणक अनेकदा त्याचाच माइक निवडतो, आणि माइक म्हणून वापरताना ब्लूटूथ जुन्या फोनसारख्या अरुंद पट्ट्यात आवाज पाठवते. त्या पट्ट्यात व्हायोलिनची चमक आणि झांजेची झळाळी बसतच नाही. रील्ससाठी घेतलेल्या बिनतारी कॉलर माइकचेही तसेच. त्यात गोंगाट कमी करण्याचे बटण आणि आपोआप बदलणारा गेन बहुधा आधीपासून चालू असतो. ते दोन्ही बंद होत नसतील तर तो माइक बाजूला ठेवलेला बरा.

आवाज फाटतो

ट्रंपेटचा वरचा स्वर, स्नेअर ड्रमचा रोल किंवा सोप्रानोची वरची पट्टी येताच कर्कश चरचर ऐकू येत असेल तर ते क्लिपिंग आहे. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही छत असते. त्यावर गेलेला भाग छाटला जातो आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो खऱ्या अर्थाने परत येत नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर लाटांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसतात, त्यावरून खात्री करता येते.

येथे एक बारकावा आहे. पातळीचा काटा छताला लागत नसतानाही आवाज फाटत असेल, तर फाटणे गेनच्या आधी, म्हणजे माइकच्याच आतील पातळ पडद्यावर घडते आहे. अशा वेळी गेन कितीही उतरवला तरी फाटलेला आवाज फक्त लहान होतो. उपाय एकच, अंतर वाढवणे किंवा कोन बदलणे. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनच्या तोंडासमोर थेट माइक ठेवू नये. एका बाजूला, निदान दोन मीटरवर ठेवावा. क्लॅरिनेटच्या खालच्या तोंडात माइक रोखण्याचेही कारण नाही, कारण तिचा बराचसा आवाज बोटांखालच्या छिद्रांतून येतो. बासरीचा माइक फुंकरीच्या रेषेत न ठेवता थोडा वर ठेवावा, आणि व्हायोलिनसाठी वादकाच्या समोर, वाद्याच्या वरच्या बाजूने, दीड ते दोन मीटरवर.

खोलीच जास्त वाजते

मोकळ्या जागेत माइकचे अंतर दुप्पट केले की वाद्याकडून थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळजवळ तितकाच राहतो. म्हणून संपूर्ण वादक चौकटीत यावा यासाठी फोन समोरच्या भिंतीला टेकवला की चित्र चांगले होते आणि आवाज बिघडतो. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या आपल्याकडील फ्लॅटच्या हॉलमध्ये हा त्रास फार होतो. टाळी वाजवून पाहावी: टाळीमागे तारेसारखी झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत.

यासाठी स्टुडिओ भाड्याने घेण्याची गरज नाही. हॉल सोडून कपड्यांचे कपाट, गादी आणि पडदे असलेल्या झोपण्याच्या खोलीत जावे, कपाटाची दारे उघडी ठेवावीत, फरशीवर सतरंजी अंथरावी आणि वादकाच्या समोरच्या भिंतीपाशी, चौकटीच्या बाहेर, खुर्च्यांच्या पाठींवर गोधड्या टाकाव्यात. वादकाने कोपऱ्यात उभे राहू नये, कारण कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात. जिन्यात किंवा न्हाणीघराजवळ आवाज छान घुमतो म्हणून तेथे रेकॉर्ड करण्याचा मोह अनेकांना होतो, पण घुमाऱ्याखाली स्वरांची सुरुवात झाकली जाते आणि संचालकाला नेमकी तीच ऐकायची असते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी शाळेच्या बँड शिक्षकांकडे शाळा सुटल्यावर तासभर बँडची खोली मागावी. ती याच कामासाठी बांधलेली असते आणि शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र तेथील हवेच्या यंत्रणेची घरघर आधी ऐकून घ्यावी.

पंख्याविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. छताचा पंखा केवळ सरसर करत नाही. फिरणारी पाती परतणारा आवाज कापत राहतात आणि लांब स्वरात बारीक थरथर मिसळते. विद्यार्थ्याचा फुंकीवर ताबा नाही असा समज त्यातून होऊ शकतो. रचना चार मिनिटांची असेल तर चार मिनिटे पंखा आणि एसी दोन्ही बंद ठेवावेत. कुकर, दाराची घंटा आणि खालच्या मजल्यावरील भाजीवाल्याची वेळ यांचाही विचार करावा. उकाड्यात खोली तापली की फुंकीची वाद्ये सुरात चढतात आणि पियानो तसा चढत नाही. म्हणून वाद्य गरम झाल्यावर, त्याच खोलीत, पंखा बंद केल्यानंतर पुन्हा एकदा सूर लावून घ्यावा. ट्यूनर 440 हर्ट्झवर असल्याचीही खात्री करावी, कारण काही शिक्षकांच्या ट्यूनरवर 442 लावलेले असते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते माइकवर करावेत, कॅमेऱ्यावर नव्हे. चार वर्षे जुना फोन पुरेसे स्पष्ट चित्र देतो. फोनला थेट जोडता येणारा एक बरा स्टिरिओ माइक, किंवा माइक आणि कॅमेरा एकत्र असलेला हातात मावणारा रेकॉर्डर, हा फोनच्या आतील माइकपेक्षा चांगला आवाज देतो. विकत घेण्याआधी शाळेत, वाद्यशिक्षकाकडे किंवा ओळखीच्या कोणाकडे मिळतो का ते विचारावे.

ओठ, बोटे आणि आवाज जुळत नाहीत

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर आणि चित्र फोनवर घेऊन नंतर जुळवले की हा त्रास उद्भवतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून ठेवावी आणि दोन्ही टाळ्या जुळतात का ते पाहावे. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की काम झाले. पहिली टाळी जुळते आणि दुसरीपर्यंत फरक वाढत जातो असे असेल, तर बहुधा फोनने व्हिडिओ बदलत्या फ्रेम-गतीने साठवलेला असतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून तो स्थिर फ्रेम-गतीवर काढून घ्यावा आणि मगच आवाज जोडावा.

फरक फारच मोठा असेल आणि सूरही चढा लागत असेल, तर कारण वेगळे आहे. आवाज सेकंदाला 44,100 नमुन्यांनी घेतला गेला आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरने तो 48,000 समजून वाजवला, तर सूर जवळजवळ दीड सेमीटोनने चढतो आणि चार मिनिटांची रचना साधारण वीस सेकंद आधी संपते. उलट गोंधळ झाला तर सूर तितकाच उतरतो. ज्यांचा कान पक्का असतो त्यांना हे लगेच कळते, पण घाईत फाइल जोडून देणारे पालक अनेकदा फक्त चित्रच पाहतात, म्हणून ट्यूनर समोर ठेवून एक लांब स्वर तपासून घ्यावा. सर्व यंत्रे आधीच 48,000 वर ठेवली की हा प्रश्न निर्माणच होत नाही. मोठ्या सभागृहात कॅमेरा दहा मीटर मागे असेल आणि त्याच्याच माइकवर आवाज घेतला असेल, तर आवाज सुमारे एका फ्रेमने मागे राहणे स्वाभाविक आहे. त्यासाठी काही दुरुस्त करण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की बाहेरून जोडलेला आवाज चालतो का. सूचनांत ‘असंपादित’ असे लिहिलेले असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा भाग कापणे सामान्यतः मान्य असते. दोन टेक जोडणे, सूर दुरुस्त करणे किंवा कृत्रिम घुमारा घालणे मान्य नसते. वेगळा आवाज जोडण्याबाबत सूचनांत काही नसेल तर वृंदाच्या संचालकाला दोन ओळींची ईमेल लिहून विचारावे. संचालकाला अशा ईमेलचा त्रास होत नाही, आणि अर्जाच्या ढिगाआधी त्याला विद्यार्थ्याचे नाव एकदा वाचायला मिळते.

साथ मोठी, वादक लहान

पियानोची साथ असेल तर माइक वादकाच्या बाजूला आणावा, पियानोचे झाकण अर्धे किंवा पूर्ण बंद ठेवावे आणि चाचणीत वादकाचा हळुवार भाग साथीवरून उठून दिसतो का ते पाहावे. साथीदार न मिळाल्यास तयार साथीचा ट्रॅक वापरावा लागतो, पण तो आधी चालतो का हे सूचनांत वाचावे. ट्रॅक इअरफोनवर ऐकून वाजवले तर परीक्षकाला साथ ऐकूच येणार नाही आणि मधले विराम त्याला चुकीचे वाटतील. तो स्पीकरवर, वादकाच्या मागे, मध्यम आवाजात लावावा. ब्लूटूथ स्पीकरने ताल मागे पडेल अशी भीती पुष्कळांना असते, ती येथे निराधार आहे: वादक स्पीकरमधून येणारा आवाज ऐकूनच वाजवतो, आणि माइकही तोच ऐकतो. मात्र तोच फोन ट्रॅकही वाजवत असेल आणि रेकॉर्डही करत असेल, तर कॅमेरा सुरू होताच ट्रॅक थांबण्याचा किंवा आवाज बदलण्याचा धोका असतो. त्यासाठी दुसरे यंत्र वापरावे.

चित्रातील दोष

चित्राबाबत फार सांगण्यासारखे नाही. फोन आडवा धरावा, तिपाईवर ठेवावा, वादकाचा चेहरा, दोन्ही हात आणि वाद्य पूर्ण दिसावे. टिंपनी आणि ड्रमसेटसाठी पायही दिसले पाहिजेत. खिडकी वादकाच्या मागे नसावी.

दोन गोष्टी मात्र हमखास राहून जातात. समोरच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र काही फोनवर आरशातल्यासारखे उलटे साठवले जाते आणि व्हायोलिन उजव्या खांद्यावर दिसते. परीक्षक गोंधळतो आणि पुढचा अर्धा मिनिट बो कोणत्या हातात आहे हे पाहण्यात घालवतो. मागचा कॅमेरा वापरावा. दुसरी गोष्ट फक्त भारतात रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी आहे: आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि 30 फ्रेमच्या व्हिडिओत त्याचे काळे पट्टे सरकताना दिसतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल प्रकार दाखवण्याचा पर्याय आहे. तो सुरू करून 25 फ्रेम निवडाव्यात, किंवा दिवसाच्या उजेडात रेकॉर्ड करावे.

पाठवताना होणारी नासधूस

वर सांगितलेले सारे जमले आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून बाबांच्या फोनवर गेली, तेथून अपलोड झाली, तर सगळी मेहनत वाया जाते. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान करते आणि त्यात आवाजही भरडला जातो. मूळ फाइल केबलने, एअरड्रॉपने किंवा ड्राइव्हवरून संगणकावर घ्यावी. गुगल फोटोजमध्ये जागा वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर तेथून उतरवलेली प्रतही मूळ नसते. शंका आली की दोन्ही फाइलींचा आकार शेजारी ठेवून पाहावा: आयफोनवर 1080पी, 30 फ्रेमचा एक मिनिट साधारण 60 एमबी होतो, त्यामुळे चार मिनिटांची फाइल 20 एमबीची दिसत असेल तर ती भरडलेली प्रत आहे. 4केमध्ये तोच मिनिट 170 एमबीच्या आसपास जातो. परीक्षक छोट्या खिडकीत पाहणार असल्याने 4केचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

पुष्कळ महाविद्यालये अ‍ॅक्सेप्टड किंवा स्लाइडरूम या संकेतस्थळांवरून फाइली घेतात, तर काही केवळ यूट्यूबचा दुवा मागतात. यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ ठेवलेला व्हिडिओ फक्त निमंत्रित गुगल खात्यांनाच दिसतो, त्यामुळे संचालकाने दुवा उघडला की त्याला कोरा पडदा दिसतो. ‘अनलिस्टेड’ हा योग्य पर्याय होय. दुवा पाठवण्याआधी खात्यातून बाहेर पडून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, दुसऱ्याच्या फोनवर तो उघडून पाहावा. तयार साथीचा ट्रॅक वापरला असेल तर यूट्यूबची हक्क तपासणारी यंत्रणा कधी कधी व्हिडिओ काही देशांत अडवते किंवा मुका करते, म्हणून पूर्ण व्हिडिओ शेवटपर्यंत वाजतो का ते पाहावे. अपलोड झाल्यानंतर त्याच दुव्यावर दुसरी फाइल बदलता येत नाही; चूक सापडली तर नवा व्हिडिओ, नवा दुवा आणि संचालकाला नवी ईमेल असा क्रम लागतो.

एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडची सवय असलेल्या विद्यार्थ्यांकडून येथे एक ठरावीक चूक होते. त्या परीक्षेत चारही रचना एकाच सलग टेकमध्ये द्याव्या लागतात, म्हणून ते येथेही सर्व काही एका लांब फाइलमध्ये पाठवतात. वाद्यवृंद शिष्यवृत्तीसाठी बहुतेक ठिकाणी प्रत्येक रचना, आणि कधी कधी प्रत्येक स्केलही (स्वरांचा चढता-उतरता क्रम), वेगळ्या फाइलमध्ये हवी असते. प्रत्येक फाइल आतून अखंड असली म्हणजे पुरे. एका फाइलमध्ये सगळे असेल तर संचालकाला दुसरी रचना शोधत बसावे लागते. टेक्सासमध्ये ऑल-स्टेट बँडच्या, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या शालेय बँडच्या, निवडीसाठी ठरवलेल्या एट्यूड (सरावाच्या रचना) अनेक महाविद्यालये ऑडिशनसाठी स्वीकारतात, त्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनी नवीन काही बसवण्याआधी ती तरतूद पाहावी. सुरुवातीला नाव आणि रचना सांगायची की नाव मुद्दाम सांगायचे नाही, हे महाविद्यालयागणिक बदलते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत, आडनाव, वाद्य आणि रचना या क्रमाने द्यावे. तबला किंवा बासरी येत असेल तर त्याचा व्हिडिओ जास्तीचा म्हणून विचारून जोडावा. मागितलेल्या वाद्याच्या जागी तो देऊ नये.

मुदतीच्या वेळेचा हिशोब भारतातून अर्ज करणाऱ्यांनी स्वतः कागदावर मांडावा. 1 डिसेंबरची रात्रीची 11:59 ही पूर्व किनाऱ्याची वेळ असेल तर आपल्याकडे 2 डिसेंबरची सकाळ 10:29 होते, आणि पश्चिम किनाऱ्याची असेल तर दुपारी 1:29. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, म्हणून ऑक्टोबरच्या मुदतीला हेच आकडे एक तासाने आधीचे असतात. आठ मिनिटांची 1080पी फाइल सुमारे 480 एमबी होते. अपलोडचा वेग 5 एमबीपीएस असेल तर तिला तेरा-चौदा मिनिटे लागतात, पण शेवटच्या तासात संकेतस्थळ मंदावले तर दुप्पट वेळही पुरत नाही. फाइल चढल्याचे दिसले तरी संकेतस्थळ ती आपल्या पद्धतीने पुन्हा घडवते, म्हणून अर्ज दाखल करण्याआधी तेथेच प्ले दाबून पहिले आणि शेवटचे मिनिट ऐकावे. अर्ज गेल्यानंतर मूळ फाइली फोनमधून पुसू नयेत. संचालक एखाद्या रचनेची नीट प्रत किंवा जास्तीची स्केल मागू शकतो, आणि ती त्याच खोलीत, त्याच माइकवर, त्याच गेनवर देता यावी यासाठी माइकची जागा, अंतर आणि पातळी हे आकडे रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर लिहून वाद्याच्या पेटीत ठेवावेत.